पत्ता

एकाहत्तरचा डिसेंबर, कॅम्पातलं इस्पितळ.
उचगावच्या भरमाण्णाचे दोन्ही हात प्लास्टरात,
म्हणून त्याची पत्रं मी लिहायची.
आईला: बरा आहे.
भावाला: रताळी काढलीस का?
अर्धं कानडीत सांगायचा,
मी त्याचं नीट मराठी करायची.

एका रात्री, काचांवर काळा कागद,
म्हणाला, आणखी एक लिहा, सिस्टर.
तो सांगत गेला.
निब दोनदा वाळली.
पत्ता विचारला तर छताकडं बघत म्हणाला,
वार्ड तीन, रात्रपाळी, बेळगाव.

फेब्रुवारीत त्याला पुण्याला हलवलं.
हात सुटले असतील.
पत्र नाही.

माझ्याकडं आहे ते एकच,
माझ्याच अक्षरातलं, बिनतिकिटाचं,
आणि बेळगावच्या ळ वर
त्याच्या आईनं आणलेल्या कुंद्याचा
तुपकट डाग.