पत्राचा कच्चा खर्डा

दादरला घड्याळवाल्याच्या माडीवर
रविवारी सकाळी स्पॅनिशचा वर्ग भरतो.
पोरं व्हिसासाठी येतात, नोकरीसाठी येतात,
एकजण कुणा मुलीसाठी.
मी शेवटच्या बाकावर. तांडेल, वय एकसष्ट,
शिवडी कोळीवाडा, जहाजावरचा निवृत्त फिटर.
मला एकच पत्र लिहायचंय.

बेहेरे बाईंनी फळ्यावर वाक्य दिलं,
पाहुणचाराबद्दल आभार:
ग्रासियास पोर सु ओस्पितालिदाद.
तो लांबलचक शब्द मी तोंडात घोळवला
तर आत आपलं इस्पितळच निघालं.
हसू आलं.
कारण इस्पितळात खाट नव्हती म्हणून तर
मान्सानियो बंदरात एजंटने मला
दोन्या एउलालियाच्या दारात आणून सोडलं,
डोळे हळदीसारखे पिवळे,
जहाज पुढे गेलेलं,
खिशात एकोणीस डॉलर.

इस्त्री करायची ती. गोदीतल्या साहेबांचे शर्ट.
दारातूनच म्हणाली,
पासे, पासे, एस्ता एन सु कासा.
मला वाटलं, भाडं सांगतेय.
मी चुरगळलेल्या नोटा पुढे केल्या.
तिने त्या इस्त्रीखाली धरल्या,
एकेक सपाट केली,
आणि माझ्याच खिशात परत घातली.

तेवीस दिवस.
भाताची पेज, वर लिंबू. तेलाचा थेंब नाही.
वाडगं ठेवताना म्हणायची, प्रोवेचो,
आणि खुर्चीला टेकून उभी राहायची
माझं संपेपर्यंत.
बाई म्हणतात, याला मराठीत शब्द नाही.
आहे की, मी म्हटलं.
सावकाश होऊ द्या.

खर्डा लाल पेनने तपासून आला.
"काका, 'सु कासा'चा घोळ होतोय.
सु म्हणजे तुमचं, त्याचं, तिचं, त्यांचंसुद्धा.
मी तेवीस दिवस सु कासात राहिलो,
म्हणजे नेमकं कुणाच्या घरात? कळत नाही."
नाही कळत तर राहू दे, म्हटलं.
तिने तरी कुठे कळू दिलं होतं.

चूक वेगळीच आहे, छत्तीस वर्षं जुनी.
निघताना ग्रासियास म्हणायचं पाठ केलं होतं,
ऐनवेळी जीभ वळेना.
घरच्या माणसाचे आभार कोण मानतं?
उंबऱ्यावरून मराठीतच बोलून गेलो,
येतो.
मांदे? तिने विचारलं.
मी हात लांब केला समुद्राकडे,
मग वळवून आणला तिच्या दाराशी.
तिला ते खरं वाटलं.

गेल्या महिन्यात तिच्या नातीचा मेसेज आला,
नंबर कुठून काढला देव जाणे.
आजी ब्याण्णव वर्षांची. नजर गेलीय.
विचारत असते, तो पिवळा मुलगा आला का.

बेहेरे बाई फळा पुसत होत्या,
पुसायच्या थांबल्या.
"'येतो'साठी काय लिहू?
जहाज आता तुम्हाला कोण देणार, काका?"
शब्द नका लिहू, म्हटलं.
नातीसाठी लिहा:
इथे वाचणं थांबव.
आजीचा हात हातात घे.
आधी समुद्राकडे ने.
मग दाराकडे वळव.

खाली दुकानात अकराचे ठोके पडले,
प्रत्येक घड्याळाचे आपापल्या वेळी.