किती लागले

चिलिकोथीच्या दुकानात, हिरव्या फेल्टवर
डेल्मरने तीन दुर्बिणी मांडल्या.
मी म्हटलं, स्वस्तातली द्या.
तो बोलला नाही. टोपी मागे सारली.
उजव्या भुवईवर चंद्रकोरीसारखा व्रण.
"ही स्वस्तातलीच," म्हणाला.

ठासणीची बंदूक : दारू, गोळी, गज,
आणि एकच बार. दुसऱ्याला सवड नाही.
लाथ खांद्याला बसते;
काच डोळ्यापासून चार बोटं लांब हवी,
नाहीतर भुवईलाही बसते.

तरी नव्वद डॉलरचीच घरी आणली.
रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली, मटारांच्या पिशवीमागे.
सकाळी बघतो तर काचेच्या आतून दव.
परत केली.
दुसरी कोरडी राहिली.
तिची किंमत घरात सांगितली नाही.

जानेवारी. ओकच्या बुंध्याला पाठ.
उजेड इतका थोडका की नुसत्या डोळ्यांना झाडंही वेगळी होईनात,
पण काचेत हरणीच्या कानावरची लव दिसली,
नाकपुडीची वाफ
फुलीच्या जरा वर.

चाप ओढला.
मग गंधकाचा वास, पांढरा धूर,
आणि एवढ्या महागाच्या काचेत
नुसता ढग.
डोळा मात्र मी हलवला नाही,
जणू धुरापलीकडचंही
त्या पैशांत येत होतं.

धूर विरला तसा चालत गेलो.
बर्फावर खुरं, लांब लांब पडलेली.
रक्ताचा थेंब नाही.
बरंच वाटलं का? थोडं.

दारात बायको.
"लागली?"
"नाही."
"मग किती लागले?"