एक नंबर

पहिलीच चौकट : व्यवसायाचे नाव.
नान्ना म्हणाले, पुढचं विचार.
पुढे जाता येत नव्हतं, म्हणून मी
नुसतं 'चादर' लिहिलं, तात्पुरतं.

मग, स्थापना कधी.
ते मागाकडे बघत बसले,
म्हाताऱ्या पाहुण्याला वय कसं विचारावं तसे.
"मिल बंद पडली, त्याच्या दुसऱ्या गड्ड्याला
भंगारात तोलून आणला हा."
साल मी अंदाजानं टाकलं.

पस्तीस वर्षं आमच्या चादरी
कोपरा मोकळा ठेवून घराबाहेर पडल्या.
चाटी गल्लीत गेल्या की शेठजींकडची बाई
तिथं लेबल शिवायची :
मोराचं, कमळाचं, एका दिवाळीत विमानाचं.
आम्ही पांघरायचो चुकलेल्या,
धागा तुटलेल्या, बिनपक्ष्याच्या.
लहानपणी मला वाटायचं
मोर पाहुण्यांसाठी असतो.

फोटो काढायला गच्चीवर दोरी बांधली.
विडी घरकुलचं एप्रिलातलं ऊन, सकाळचे अकरा,
तांबडा पार नारिंगी झाला.
"हा माझा रंग नव्हे,"
नान्नांनी मोबाइलची काच लुंगीनं पुसली.
परत पुसली.
दिवस कलल्यावर अम्मानं
विड्यांचं सूप बाजूला सारून दोन टोकं धरली
तेव्हा कुठं तांबडा तांबड्यासारखा आला,
आणि कोपऱ्यात, तंबाखूनं पिवळा पडलेला
तिचा अंगठा.
तो मी कापला नाही.

नकाशावर आमचा ठिपका पडला
कंबर तलावात.
कितीदा ओढला, परत पाण्यात.
नान्ना हसले नाहीत.
"शेठजी म्हणायचेच,
याचा धंदा पाण्यात जाणार."

चौथ्या दिवशी अभिप्राय आला, पहिला.
पाचांतली एकच चांदणी पिवळी
आणि खाली : एक नंबर माल. मल्लेशम.
भिंतीपलीकडं त्यांचा माग चालू होता,
मी खिडकीतून ओरडले,
मामा, एकच का दिली?
"एक नंबर म्हणजे एकच की गं!
आपल्या माणसाला पाचव्या नंबरावर
कोण घालतंय?"

त्यानंतर त्यांना पासवर्ड आठवेना.
नातू पुण्याला, त्याचा फोन लागेना.
जगाला दिसत राहिलो आम्ही
एक पूर्णांक शून्य.
मी रात्री दोनला उठून बघायची,
आकडा आपोआप वाढतो का.
सकाळी भाकरी करपायची.

मे महिन्यात एक फोन आला, भंडाऱ्याहून.
बाई म्हणाली, मी वाईट लिहिलेलं आधी वाचते,
तुमचं वाचून इतकी हसले
की नवरा उठला.
फोटोतला अंगठा कुणाचा आहे?
आईचा, मी म्हटलं.
मग दोन पाठवा. नाही, तीन.

पार्सलवर पाठवणाऱ्याचं नाव लागतं.
मी पेन पुढं केलं.
नान्नांनी हात धुतले, पुसले, आणि
शाळा सुटल्यापासून न लिहिलेल्या
तेलुगू अक्षरांत, गोल गोल, सावकाश,
बॉबिन भरावी तसं लिहिलं :
गुंडेटी राजमल्लू नरसय्या.
एक वळण चुकलं, ते गिरवलं.
पोस्टातला माणूस म्हणाला, मराठीत पाहिजे.
मराठीत मी खाली लिहिलं, बारीक.

कोपरे मात्र तिन्ही चादरींचे मोकळेच होते.
सवय.
मी काही बोलले नाही, त्यांनीही नाही.
पहिल्या चौकटीत अजून
नुसतं 'चादर' आहे.

रात्री माग थांबल्यावर
कानांत तो थोडा वेळ चालूच राहतो,
तशात अंधारातून नान्नांचा आवाज आला :
"नकाशात बघ की जरा.
तळ्यातनं बाहेर आलो का आपण?"

मी बघितलं.
ठिपका काठाला लागला होता.