बद्द

माठ घेताना आई बोटाच्या पेरानं वाजवून बघायची.
नारळ कानाशी हलवायची,
आणि टोक मोडल्याशिवाय पाव किलो भेंडीसुद्धा
तिच्या पिशवीत कधी पडली नाही.

आम्ही मात्र
एक कोटी बारा लाखांचं घर
अकरा मिनिटांत पसंत केलं.
मुलुंड पूर्व, चौथा मजला, रिसेल.
बेडरूमच्या खिडकीतून लांब मिठागरं,
भिंतींना ताजा मोतिया रंग,
कोपऱ्यात उदबत्ती.
एजंट म्हणाला, अजून दोन पार्ट्या आहेत,
संध्याकाळपर्यंत टोकन देऊन टाका.
विश्रामनं चेकबुक आणलंच होतं.

मीच म्हटलं, उद्या.
ऑफिसातल्या कुंदानं एक नंबर दिला होता :
रेमंड डाबरे, वसईचे,
बत्तीस वर्षं साइटवर सुपरवायझर,
आता लोकांना घर घ्यायच्या आधी तपासून देतात.
फी साडेसहा हजार.
भिंती बघायला पैसे? विश्राम म्हणाला.
डोळे आहेत की आपल्याला.

डाबरेंनी चपला दाराबाहेर काढल्या.
खिशातून पाचाचं जुनं जाड नाणं काढलं
आणि उकिडवे बसून
एकेक लादी वाजवत सरकत गेले.
टण. टण. टण.
बद्द.
तिथे खडूनं फुली.
टण. टण.
बद्द. बद्द. बद्द.
बाथरूमच्या उंबऱ्याशी पोचेपर्यंत
फुल्यांची रांगोळी झाली होती.
एजंट फोन घ्यायला बाहेर गेला.
फोन वाजलेला आम्ही कुणी ऐकला नाही.

ओल मोजायचं यंत्र होतं त्यांच्याकडे,
पण आधी त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.
"रंग पंधरा दिवसांचा," ते म्हणाले,
"दुखणं जुनं."
मीटरच्या पेटीत अर्थिंगची हिरवी वायर होती,
कशालाच जोडलेली नव्हती.
खिडकीवरच्या छज्जाला हातोडी नुसती टेकवली
तर वीतभर प्लास्टर खाली आलं,
आणि आतली सळई दिसली,
चहात बुडवून विसरलेल्या बिस्किटासारखी.

मग बाथरूमची जाळी फडक्यानं बुजवून
त्यांनी पाणी भरलं.
"चोवीस तास ठेवायला हवं खरं तर.
इथे दोन पुरतील."

दोन तासांनी खाली गेलो, तिसऱ्या मजल्यावर.
सरोजबेन छेडांनी दार उघडलं,
काही न विचारता आत नेलं.
त्यांच्या छताला सुतळीनं बांधलेलं
श्रीखंडाचं रिकामं डबडं.
थेंब पडत होते त्यात, सावकाश, सवयीनं.
"सात वरस," त्या म्हणाल्या.
"तुम्ही घेणार काय? मग आता तुमच्याशी भांडायचं ना."
चहा विचारावा इतक्या मायेनं म्हणाल्या,
आणि कपाटातून फाइल काढून माझ्या हातात दिली :
सोसायटीची पत्रं, फोटो, प्लंबरची बिलं.

हॉल, किचन, दोन बेडरूम,
आणि एक भांडण, सात वर्षं वापरलेलं.
करारनाम्यात त्याचा
कार्पेट एरिया कुठे धरतात?

मालक रागावले. आमच्या घरावर संशय?
विश्राम गप्प होता.
डाबरेंचा नऊ पानी अहवाल
त्यानं रात्री जेवताना वाचला,
सातव्या पानाला आमटीचा डाग पडेपर्यंत.
मग म्हणाला, चेक फाडू?
मी म्हटलं, फाडू नको, नुसता रद्द कर,
पुढचं पान लागेल.

घर पाहावं बांधून, म्हणायचे जुने लोक.
आपल्या नशिबी बांधलेलंच यायचं.
निदान पाहावं तरी.

काल भांडुपला एक बघायला गेलो.
नवा एजंट, तीच घाई,
संध्याकाळपर्यंत, दोन पार्ट्या.
डाबरे रविवारी येणार आहेत.
पण विश्रामनं
इस्त्रीची पँट गुडघ्यावर जरा वर ओढली,
फरशीवर बसला, कान खाली नेला,
आणि खिशातून नाणं काढलं.

टण.

टण.

मी श्वास धरून उभी.