जागा शिल्लक नाही

सोयरू गावडे फोन काउंटरवर ठेवतो, पालथा,
हरणारा माणूस शेवटचं पान टाकतो तसा.
“जागा ना म्हणतो,” तो सांगतो. “दिवसातून दोनदा.”

माशेलच्या बाजारात, केळीवाल्यांच्या वरच्या अंगाला
माझं दुकान. दार एक, स्टुलं दोन.
फोन जुना. आठ जीबी, त्यातले पाच कंपनीनंच अडवलेले.
उरलेल्यात पाणी.

खरंच पाणी. फोटोमागून फोटो:
भरतीचं, ओहोटीचं, मानशीच्या लाकडी फळ्यांवर
कुठवर चढलं त्याची ओली रेघ.
रोज दोन, कधी तीन, एकाच दगडावर उभं राहून काढलेले.
“सुंगटांसाठी मी रात्री दार उघडतो म्हणतात.
कोण म्हणतं ते सांगत नाहीत.
तोंडापेक्षा फोटो बरा.”

मी आधीच सांगून टाकलं, रूट करावा लागेल, वॉरंटी जाते.
“ती कधीच गेली,” तो म्हणाला, “दातांबरोबर.”
लोगो आला, गेला, परत आला.
पंखा बंद करून बसलो आम्ही, उगाचच,
जसं आत कोणी आजारी झोपलंय.
मग पडद्यावर तो छोटा प्रश्न:
परवानगी द्यायची का? कायमची?
मी बोट ठेवलं.

बत्तीसचं कार्ड, करंगळीच्या नखाएवढं.
त्याचे दोन भाग केले. एक उघडा, फोटोंचा.
दुसरा लपलेला; ॲप्स उचलून तिथे नेली
आणि जुन्या जागी नुसती खूण ठेवली, तिकडे बघ म्हणून.
फोनला वाटतं, सगळं घरातच आहे.

“म्हणजे खाजन,” सोयरू म्हणाला.
“जागा नदीची. आपण बांध घातला, भात लावलं,
आता शेत म्हणतो. नदीला कोणी विचारलंय?”
मी एवढा विचार केला नव्हता.
मी तीनशे रुपये घेतले.

चवथीच्या आठ दिवस आधी आला, घामाघूम.
भाच्याच्या कॉम्प्युटरवर फोटो बघायला कार्ड काढलं
आणि निम्मा फोन मेला. चिन्हं राखाडी,
हात लावला की सापडत नाही म्हणतात.
कार्ड शर्टाला पुसून मी आत सरकवलं. बंद. चालू.
बराच वेळ काही नाही.
मग एकेक चिन्ह वर आलं,
ओहोटीला चिखलातल्या भोकांतून कुर्ल्या येतात तसं,
आधी एक, अंदाज घेत,
मग सगळी.

हसला. पण फोन खिशात घातला नाही.
“तू मुळापर्यंत गेलास ना यात?”
हो.
“मग आतलं सगळं बदलता येतं?”
जवळजवळ.
“तारीखसुद्धा? फोटोवरची?”

बाहेर केळीचे घड उतरत होते, कोणीतरी मोजत होतं,
सतरावर चुकलं, पहिल्यापासून मोजू लागलं.
एक मंगळवारची रात्र, तो म्हणाला. ताप होता. डोळा लागला.
फळी निसटली की कोणी काढली, देव जाणे.
सकाळी तीन घरांच्या शेतात खारं पाणी उभं.
कोरगुट झालं तरी किती सोसणार.
त्या रात्रीचा फोटो नाही.
बाकी सगळ्या रात्री आहेत.

“येते,” मी म्हणालो.
येत नाही म्हणालो असतो
तर दोघंही सुटलो असतो.

तो पडद्याकडे बघत राहिला. तिथे लिहिलेलं:
एकवीस जीबी शिल्लक.
“बरीच आहे,” म्हणाला.
आणि मग, “नको. विचारून ठेवलं फक्त.”

काचेवर चिकटवायचा कागद घेतला, पन्नासचा.
बुडबुडा राहू नये म्हणून मी अंगठ्यानं
या कडेपासून त्या कडेपर्यंत दाबत गेलो.
एक राहिलाच, कोपऱ्यात.
“आसूं दी,” तो म्हणाला,
आणि संध्याकाळची भरती चुकेल म्हणून
बसकडे पळाला.