सतरावा टेक

धरणगावात बस स्टँडमागे माझं पार्लर.
नवऱ्या सजवते, हळदीच्या, साखरपुड्याच्या,
आणि यंदा पहिल्यांदा
मेलेली माणसं.

मोबाइल दुरुस्त करणारा भटू म्हणाला,
ताई, झोंबी पिक्चर काढतोय, अहिराणीत.
तीस मढी लागतील. रोजचे तीनशे, वर शेवभाजी.
मढ्यांना, का मला?
तुला पाचशे.

दीपनगरची राख आणली पोतंभर,
मेंदीसारखी वस्त्रगाळ केली.
रक्ताला बीट चालेना, उन्हात गुलाबी पडतं.
मग केळीचा चीक. कापडाला लागला की
कापड फाटतं, डाग जात नाही.
वाळलेल्या रक्ताचा रंग असाच असतो.
मी पाहिलाय.

चव्वेचाळीस डिग्री, जिनिंगचं आवार.
मढी घामाने माणसं होत जायची,
मी पफ घेऊन मागे, त्यांना परत मारत.
रात्रभर चोपड्याला केळीचे ट्रक भरून आलेली पोरं,
मान पडलेली, पाय ओढत.
भटू ओरडायचा, ॲक्टिंग कमी करा!
ती म्हणायची, अजून सुरूच नाही केली.

पहिला मरणारा उखर्डू.
त्याच्या आधीची तिघं गेली, म्हणून आईने
याला जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर ठेवला,
सुपात घालून परत आणला,
नाव असं दिलं की यमाने नाक मुरडून
पुढच्या घरी जावं.
बेचाळीस वर्षं चाललं ते.
आता भटू म्हणतो ॲक्शन, हा मरतो,
भटू म्हणतो पुन्हा, हा उठतो,
पँट झटकतो, विचारतो,
"आते बरोबर मरनू का मी?"

सोळा वेळा.
सतराव्याला म्हातारी डबा घेऊन आली.
लेक राखेत पडलेला, तोंडावर माझा चीक.
आम्ही सगळे गप्प. कॅमेरा चालूच.
तिने डबा खाली ठेवला, भटूला विचारलं,
पिक्चरमधी याचं नाव काय?
राजवीर.
"मंग मरू दे त्याले,"
आणि सावली बघून बसली.

भटूने आम्हाला दाखवायला परदेशी पिक्चर आणले होते,
पाच-सहा, मोबाइलवर, गर्दी करून पाहिले.
शहरं वेगळी, बंदुका वेगळ्या,
शहाणपण एकच:
आपलं माणूस मेलेलं परत आलं
तर दार उघडू नका.

आखाजीला शूटिंग बंद.
भटू चिडला, ड्रोनचं भाडं चढत होतं.
मढी म्हणाली, घागर भरायचीय,
पितर जेवायला येतात,
आम्ही घरी नको?

मीही भरली. घागरीवर डांगर ठेवलं,
खापराची पोळी, रस, कुरडई.
उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढत नावं घेतली,
सासऱ्यांचं, आतेसासूचं,
शेवटी हिरामणचं,
जो पारोळ्याच्या वळणावरून आला नाही,
आला तो शर्ट.
बोट ओढताना दिसलं, नखात अजून राख होती.
आगारी टाकली. दार सताड उघडं.
आत फक्त ऊन आलं, आणि शेजारच्यांचं मांजर.

तिसऱ्या दिवशी हिरोईन जळगावहून आलीच नाही.
भटू म्हणाला, ताई, तूच उभी राहा दारामागे.
तो थाप मारेल, तू रडायचं,
कडी घट्ट धरायची,
काही झालं तरी उघडायचं नाही.

थाप पडली.
एकदा. मग थांबून दोनदा,
जशी दमून आलेला माणूस मारतो.

मी उघडलं.

कट! ताई, काय करतेस!
उंबरठ्यात उखर्डू उभा, राखेत ओठ फुटलेले.
मी म्हटलं, थांब जरा, पाणी पिऊ दे त्याला.
त्याने तांब्या वर धरला, घटाघटा प्यायला,
हनुवटीवरून राख ओघळली,
खाली जुनीच दाढी.

तो टेक भटूने ठेवला नाही.
माझे पैसेही अजून दिले नाहीत.