पीकपाणी

मोजणीदार आला वाशीमकडचा, कोवळा,
हातात पिवळं यंत्र, काखेत नकाशाची सुरळी.
बूट काढून त्याने कट्ट्यावर ठेवले, मोजे आत कोंबले,
आणि विचारलं, मावशी, तुमची हद्द कुठून धरायची?

मी बोट केलं.
थयसर. ती लाट फुटता मां,
तिच्या पाठी आमची न्हाणी.
त्याने बोटाकडे बघितलं, मग लाटेकडे,
मग पुन्हा कागदाकडे.

कागदावर सगळं जागच्या जागी आहे.
चौदा गुंठे, माड अकरा, विहीर एक, पक्की,
उत्तरेस लवू मेथर, दक्षिणेस पाणंद,
पश्चिमेस समुद्र.
तेवढं अजून खरं.
उरलेल्या दिशांनाही तो
हळूहळू आपलं नाव लावून घेतोय.

सरकारी भाषेत याला धूप म्हणतात.
पहिल्यांदा नोटीस वाचली तेव्हा मला वाटलं
देवळातलं काही असेल.
आमच्याकडे तो धूप, तिन्हीसांजेला निखाऱ्यावर घालायचा,
घरभर पसरतो.
ही धूप.
हीसुद्धा पसरते.

आधी स्मशान गेलं.
कुणी अर्ज केला नाही. मेलेल्यांची नावं
यादीतून कमी झालेलीच असतात.
मग वाळवणाची जागा, जिथे सासू
काठी घेऊन कावळ्यांशी भांडायची दिवसभर, आडनावासकट.
मग माड.
माड एकदम पडत नाही.
आधी त्याची मुळं दिसायला लागतात, उसवलेल्या जाळ्यासारखी,
मग महिनाभर तो वाकून उभा राहतो,
निघताना उंबऱ्यापाशी चपला शोधणाऱ्या पाहुण्यासारखा.
अकरावा गेला तेव्हा भांगाचे दिवस होते.
उधाण नव्हतं, वारा नव्हता,
मी तांदूळ निवडत होते.

विहीर मात्र उभी राहिली.
भोवतालची वाळू गेली आणि चिऱ्यांचं गोल बांधकाम
उघडं पडत पडत वर आलं.
जिच्यात वाकून बघायचो
तिच्याकडे आता मान वर करून बघावं लागतं.
हसन मुकादम होडी बांधतो तिला.
तिचं पाणी त्याआधीच मचूळ झालं होतं:
डाळ शिजेना, मग चहा फाटायला लागला,
मग सुनेने केस मोकळे सोडायचं सोडलं.

काळे दगड आले होते मध्यंतरी, डंपरभर.
रिसॉर्टच्या कुंपणापर्यंत बंधारा आला
आणि तिथे त्याला निधी कमी पडला.

मुलगा म्हापशाहून फोनवर म्हणतो, आये, हकडे ये.
मी म्हणते, मार्चपर्यंतचो सारो भरललो आसा.
तो हसतो. पण भरलाय खरंच.
पावती आहे, शिक्का आहे,
चौदातल्या साडेनऊ गुंठे समुद्राची मी मालकीण.
उरलेले दोन रुपये तलाठी म्हणाला
उद्या घेऊन जा.

पीकपाण्याच्या रकान्यात काय लिहू?
मोजणीदार विचारतो.
पडीक म्हणायलासुद्धा जमीन लागते.
मी म्हटलं, पीक नाही लिही.
पाणी लिही.
तो हसला नाही. म्हणाला, आमच्याकडे
नेमकं तेच लिहिता येत नाही.

मग ओहोटीत आम्ही आत गेलो, तो मागे, मी पुढे.
पायाला न्हाणीचा फातर लागला,
टाच घासून घासून पडलेला खळगा अजून तसाच.
मी त्याच्यावर उभी राहिले, म्हटलं, हयसून धर.

लाट आली.
यंत्र डोक्यावर धरून तो मागे सरला.
मी नाही.
आपल्याच न्हाणीत उभं असताना
पाण्याला भिऊन कोण सरतं?

दुसरी आली, पोटऱ्यांपर्यंत,
लुगड्याचा काठ ओढत.
मग मीही सरले.
एक पाऊल.

तेवढं त्याने मोजलं नाही.